शब्दविवेक : पाठीमागे आणि पाठीशी

पाच समितींच्या क्रमात ईर्यासमितीच्या पाठोपाठ भाषासमिती येते. पाऊल टाकण्यापूर्वी जमीन पाहावी, तसा शब्द उच्चारण्यापूर्वी त्याचा परिणाम पाहावा, हा या क्रमाचा बोध. समितींचे पूर्ण पालन साधू-साध्वींसाठी सांगितलेले असले, तरी श्रावकाच्या पेढीवरही या विवेकाची गरज काही कमी नाही. पूर्वी पेढीची भाषा ही घरचीच भाषा होती. आता विम्याचा अर्ज, बँकेचा पत्रव्यवहार, परदेशी ग्राहकाशी होणारा करार हे सारे इंग्रजीत चालते. लिहिणारा विचार मराठीत करतो आणि कागदावर उतरवतो इंग्रजीत. अशा वेळी अवघड शब्द सहसा फसवत नाहीत, कारण त्यांच्यासाठी शब्दकोश उघडला जातो. फसवतात ते रोजचे, लहान, ओळखीचे वाटणारे शब्द. ‘मागे’ हा अशांपैकीच एक.

पुढील सात वाक्ये पाहावीत. ‘दुकानामागे गोदाम आहे.’ ‘हप्ते मागे पडले आहेत.’ ‘मागे एकदा भेट झाली होती.’ ‘वसुलीवाला त्याच्या मागे लागला आहे.’ ‘आम्ही तुमच्या मागे उभे आहोत.’ ‘त्यांच्या मागे दोन मुलगे आहेत.’ ‘माझ्या मागे तो काही बोलला.’ मराठीत सातही ठिकाणी ‘मागे’ हा एकच शब्द आहे. इंग्रजीत मात्र स्थळ, काळ, पाठलाग, आधार, वारसा आणि अनुपस्थिती यांसाठी निरनिराळी दालने आहेत. सर्वत्र ‘बिहाइंड’ लिहिणाऱ्याचे एखादे वाक्य ओबडधोबड होते, एखादे हास्यास्पद होते आणि एखाद्यामुळे पैशांचे नुकसानही होते. मात्र यावरून मराठी गरीब ठरत नाही. ‘मागे’ या शब्दाभोवती मराठीतही आड, पलीकडे, पाठोपाठ, मागाहून, पाठीशी, पश्चात आणि परोक्ष असा मोठा परिवार आहे. आपल्याला नेमका कोणता ‘मागे’ अभिप्रेत आहे हे आधी मराठीतच निवडून घेतले, तर योग्य इंग्रजी शब्द पुष्कळ वेळा आपोआप हाती येतो.

प्रथम स्थळाचा विचार. ‘बिहाइंड’ हा जुन्या इंग्रजीतील ‘बिहिंडन’ या शब्दापासून आलेला आहे. त्यातील ‘हाइंड’ म्हणजे मागचा. चतुष्पाद प्राण्याच्या मागच्या पायांना आजही ‘हाइंड लेग्ज’ म्हणतात. ‘बिहाइंड द शॉप’ म्हटले की दुकानाची वास्तू संपते आणि तिच्या बाहेर, मागील बाजूस असलेली जागा अभिप्रेत असते. ‘ॲट द बॅक ऑफ द शॉप’ म्हटले की साधारणपणे त्याच दुकानाचा मागचा भाग समजला जातो. मराठीत ‘दुकानामागे’ आणि ‘दुकानाच्या मागच्या भागात’ असा हा भेद आहे, पण बोलताना दोन्हींसाठी ‘मागे’ पुरतो. विम्याच्या अर्जात तो पुरत नाही. माल दुकानातील मागच्या खोलीत असताना तो ‘बिहाइंड द शॉप’ आहे असे लिहिले, तर कागदावर तो दुसऱ्याच जागेत जाऊन बसतो. पुढे आग लागली किंवा पाणी शिरले, तर सर्वेक्षक प्रत्यक्ष जागा आणि कागदावरील वर्णन ताडून पाहणार आणि नेमक्या त्या वेळी एका शब्दाचा खुलासा करत बसावे लागणार.

अमेरिकी इंग्रजीत या भेदाला आणखी एक पदर आहे. तेथे ‘इन बॅक ऑफ द स्टोअर’ म्हणजे दुकानाच्या बाहेर, मागे. आणि ‘इन द बॅक ऑफ द स्टोअर’ म्हणजे दुकानाच्या आत, मागच्या भागात. दोन्हींत फरक आहे तो एका ‘द’ चा. अमेरिकी ग्राहकाची सूचना वाचताना हा इवलासा शब्द डोळ्यांतून निसटू देऊ नये.

आपल्याकडच्या पाट्यांवर ‘बॅकसाइड’ हा शब्द सर्रास दिसतो. ‘प्रवेश मागील बाजूने’ या सूचनेचे ते शब्दशः रूपांतर. भारतात त्याचा अर्थ सर्वांना कळतो आणि कोणी हसत नाही. परंतु इंग्लंड-अमेरिकेत ‘बॅकसाइड’ म्हणजे प्रथम मनुष्याच्या बैठकीचा भाग. ‘बिहाइंड’ हे नाम म्हणून वापरले, तर त्याचीही तीच गत. परदेशी पाहुण्याला पाठवायच्या पत्रात ‘रिअर एन्ट्रन्स’ किंवा ‘एन्ट्रन्स ॲट द बॅक’ असे लिहावे. मान राहतो आणि अर्थही राहतो.

जी वस्तू मध्ये काहीतरी आल्याने दिसत नाही, तिच्यासाठी मराठीत ‘आड’ हा सुंदर शब्द आहे. डोंगराआड सूर्य जातो, पडद्याआड हालचाल होते, दाराआड बोलणी होतात. इंग्रजी ‘बिहाइंड’ मध्ये ही झाकलेपणाची छटा सहज येते, म्हणून ‘बिहाइंड क्लोज्ड डोअर्स’ म्हणजे गुप्तपणे. ‘पलीकडे’ साठी मात्र ‘बियाँड’ हवा. ‘बिहाइंड द हिल’ म्हणताना टेकडीने गाव झाकलेले असते. ‘बियाँड द हिल’ म्हणताना टेकडी ओलांडून पुढे जावे लागते. पत्ता सांगताना ‘मंदिरामागे’ आणि ‘मंदिराच्या पलीकडे’ यांत जेवढे अंतर, तेवढेच या दोन शब्दांत आहे.

‘मागे’ कोणाच्या दृष्टीने, हाही प्रश्न आहे. दुकानदाराला इंग्रजीत ‘बिहाइंड द काउंटर’ म्हणतात. मराठीत तो गल्ल्यावर किंवा गादीवर बसतो. इंग्रजी शब्दप्रयोग ग्राहकाच्या डोळ्यांनी पाहतो, तर मराठी शब्दप्रयोग मालकाच्या आसनावरून. झाडाला स्वतःचे पुढे-मागे नसते. ते पाहणाऱ्याच्या जागेवरून ठरते. घराला दर्शनी बाजू असते, म्हणून घराचे ‘मागे’ कोठूनही पाहिले तरी सहसा तेच राहते. ज्या वस्तूला दर्शनी बाजू नाही, तिच्या मागची जागा सांगताना आपण कोठे उभे राहून सांगत आहोत तेही लिहावे, हा यातून निघणारा साधा नियम.

स्थळाकडून क्रमाकडे आले की ‘आफ्टर’ भेटतो. वहीत ‘ब’ हे नाव ‘अ’ नंतर येते, म्हणून ते ‘आफ्टर’. रांगेत एक माणूस दुसऱ्याच्या पाठीमागे उभा असतो, म्हणून तो ‘बिहाइंड’. ‘आफ्टर’ मध्ये पाठलागही आहे आणि हव्यासही. मराठीतील ‘मागे लागणे’ आणि ‘मागावर असणे’ यांचे भाषांतर त्यानेच होते. एखादा पैशांच्या मागे आहे, तर तो ‘आफ्टर मनी’ असतो. तेथे ‘बिहाइंड’ लिहिले, तर तो पैशांच्या ढिगाआड लपून बसल्यासारखा दिसेल. दारापाशी दुसऱ्याला आधी जाऊ देताना इंग्रज माणूस ‘आफ्टर यू’ म्हणतो. आधी आपण, मी मागून येतो, हा त्यातला विनय. त्या ठिकाणी ‘बिहाइंड यू’ असे उद्गार काढले, तर समोरचा दचकून मागे वळून पाहील.

काळाच्या प्रांतात गोंधळ सर्वांत अधिक होतो, कारण तेथे मराठी आणि इंग्रजी या भाषा कधीकधी परस्परविरुद्ध दिशांना तोंड करून उभ्या असतात. मराठीत ‘मागे’ म्हणजे होऊन गेलेला काळ, आणि त्याच शब्दापासून झालेला ‘मागाहून’ म्हणजे अजून यावयाचा काळ. ‘मागे पाठवले होते’ आणि ‘मागाहून पाठवतो’ यांत भूत-भविष्याचे अंतर आहे. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘अर्लिअर’ आणि दुसऱ्यासाठी ‘लेटर’ किंवा ‘आफ्टरवर्ड्ज’. ‘बिहाइंड’ काळासाठी आला, तर त्याचा अर्थ होतो उशीर. ‘बिहाइंड टाइम’ म्हणजे ठरल्या वेळेपेक्षा उशिरा. ‘बिहाइंड द टाइम्स’ म्हणजे काळाच्या मागे राहिलेला, जुनाट. माल दोन दिवस उशिरा येत आहे असे सांगताना चुकून दुसरा प्रयोग केला, तर आपण पुरवठादाराच्या गाडीला नव्हे, त्याच्या विचारसरणीला नावे ठेवतो.

खरा धोका तारखांचा आहे. परदेशातून निरोप येतो की डिलिव्हरी दोन दिवस ‘पुश्ड बॅक’ झाली आहे. मराठी मनाला ‘बॅक’ म्हणजे मागे, आणि मागची तारीख म्हणजे आधीची. माल दोन दिवस आधी येणार असे समजून ट्रक ठरवला जातो, हमाल बोलावले जातात, ग्राहकाला शब्द दिला जातो. प्रत्यक्षात ‘पुश्ड बॅक’ म्हणजे पुढे ढकलली, दोन दिवस उशीर. याउलट ‘बॅक-डेटेड’ म्हणजे कागदावर प्रत्यक्षाहून आधीची तारीख घालणे, आणि घड्याळ ‘बॅक’ करणे म्हणजे काटे आधीच्या वेळेवर नेणे. एकाच शब्दाने एकदा पुढची आणि एकदा मागची दिशा दाखवावी, हे इंग्रजीचे वैगुण्य मानावे लागेल. ‘फॉरवर्ड’ चेही तसेच आहे. बुधवारची बैठक दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झाली असे सांगितल्यावर इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्यातही कोणी सोमवार समजतात, तर कोणी शुक्रवार. म्हणून व्यवहारात पुढे-मागेच्या भरवशावर राहू नये. जुनी तारीख आणि नवी तारीख, दोन्ही वारांसह लिहाव्यात. एवढ्या एका ओळीने पुष्कळ मनस्ताप वाचतो.

आता पैशांच्या मागेपणाविषयी. ‘हप्ते मागे पडले’ यासाठी ‘बिहाइंड विथ पेमेंट्स’ असा प्रयोग आहे. त्यातून उशीर ध्वनित होतो, लबाडी नव्हे. त्याहून औपचारिक शब्द ‘अरिअर्स’. हा आणि ‘रिअर’ हा शब्द एकाच घराण्यातले. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी ‘मागच्या दिशेला’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द आहेत. ‘अरिअर्स’ चे तीन उपयोग व्यापाऱ्याने वेगवेगळे ओळखले पाहिजेत. एखादा मनुष्य ‘इन अरिअर्स’ आहे, तर त्याची देणी थकलेली आहेत. नोकरदाराला पगारवाढीचे ‘अरिअर्स’ मिळाले, तर त्याची मागील येणी हाती आली. आणि भाडे किंवा व्याज ‘पेएबल इन अरिअर्स’ असे करारात लिहिले असेल, तर तेथे थकबाकीचा प्रश्नच नसतो. महिना किंवा तिमाही संपल्यावर त्या काळाचे पैसे द्यायचे, एवढाच त्याचा अर्थ. हे शब्द पाहून समोरच्याची पत शंकास्पद आहे असा समज करून घेतला, तर चांगला भाडेकरू हातचा जातो. उलट ‘इन ॲडव्हान्स’ आणि ‘इन अरिअर्स’ यांतील भेद न पाहता सही केली, तर जे भाडे महिन्याच्या आरंभी मिळेल असे गृहीत धरले होते, ते महिन्याच्या अखेरीस मिळते.

‘मागे उभे राहणे’ या प्रयोगात तर पेढीची अब्रूच गुंतलेली असते. मराठीत ‘मागे उभा’ आणि ‘पाठीशी उभा’ यांत मोठे अंतर आहे. मागे कोणीही उभा राहतो. पाठीशी उभा राहतो तो आपला. नववधूबरोबर सासरी जाणाऱ्या सोबतिणीला पाठराखीण म्हणतात, ते याच भावनेने. इंग्रजीत ‘स्टँड बिहाइंड’ म्हणजे पाठीशी राहणे, ‘स्टँड बॅक’ म्हणजे दूर सरणे आणि ‘बॅक आउट’ म्हणजे दिलेल्या शब्दावरून माघार घेणे. ‘आम्ही आमच्या मालाच्या पाठीशी उभे आहोत’ असे लिहिणारा मालाच्या गुणवत्तेची जबाबदारी घेतो. ‘आम्ही या खरेदीदाराच्या पाठीशी आहोत’ असे विक्रेत्याला लिहिणाऱ्याने मात्र दोनदा विचार करावा. शिफारस आणि जामीनकी यांच्यामधली भिंत पातळ आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 126 प्रमाणे हमी लेखी असू शकते, तशी तोंडीही असू शकते. खरेदीदाराने पैसे थकवले, तर ते सौजन्याचे वाक्य विक्रेता जामीनकी म्हणून पुढे करू शकतो. ओळख करून द्यायची असेल, तर आपण एवढीच ओळख देत आहोत आणि देण्याची जबाबदारी घेत नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहावे.

पाठीशी उभे राहण्याची सर्वांत जुनी व्यापारी खूण कागदाच्या पाठीवर असते. धनादेशाच्या संदर्भात नेहमी ऐकू येणारा ‘एन्डॉर्स’ हा शब्द ‘पाठ’ या अर्थाच्या ‘डॉर्सम’ या लॅटिन शब्दावरून आला आहे. मराठीतील ‘पृष्ठांकन’ त्याच्याशी तंतोतंत जुळतो. पृष्ठ म्हणजे पाठ, अंकन म्हणजे खूण करणे. परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 15 नुसार ही सही कागदाच्या दर्शनी बाजूवरही चालते, पण शब्दाने पाठ सोडलेली नाही. कलम 35 सांगते की मुदतीपूर्वी पृष्ठांकन करून कागद दुसऱ्याच्या हाती देणारा, वेगळा करार नसेल तर, कागद न वटल्यास आणि तशी रीतसर सूचना मिळाल्यास पुढील धारकाची नुकसानभरपाई करण्यास बांधील असतो. म्हणजे पाठीवर सही करणारा खरोखरच त्या कागदाच्या पाठीशी उभा असतो. ज्याला ही जबाबदारी नको, त्याला कलम 52 प्रमाणे तसे स्पष्ट शब्दांत लिहून ती टाळता येते. न वाचता केलेली पाठीवरची सही आणि विचार न करता दिलेला पाठिंबा, दोन्हींची किंमत सारखीच असते.

प्रत्येक अंकात येणाऱ्या श्रद्धांजलीच्या मजकुरातही ‘मागे’ आहे. ‘त्यांच्या मागे पत्नी, दोन मुलगे व नातवंडे असा परिवार आहे’ हे वाक्य इंग्रजीत ‘बिहाइंड हिम’ ने सुरू केले, तर ते बिचारे कुटुंब छायाचित्रात पाठीमागे उभे असल्यासारखे वाटते. इंग्रजी रीत ‘ही इज सर्व्हाइव्ह्ड बाय’ अशी आहे. ‘लीव्ह्ज बिहाइंड’ हाही प्रयोग रूढ आहे. मराठीतील ‘पश्चात’ हा शब्द इथे अधिक सुसंस्कृत आणि नेमका. तोच शब्द ‘विक्रीपश्चात सेवा’ मध्ये ‘आफ्टर’ साठी येतो. प्रसंग वेगळा, तरी नाते सोडून न जाण्याचा भाव दोन्हींकडे आहे.

राहिला शेवटचा आणि सर्वांत नाजूक ‘मागे’. ‘माझ्या मागे तो बोलला’ यासाठी इंग्रजीत ‘बिहाइंड माय बॅक’ म्हणतात. त्यात केवळ अनुपस्थिती नसते, विश्वासघाताचा आरोपही असतो. भागीदार गावाला गेला असताना एखादा निर्णय घ्यावा लागला, एवढेच सांगायचे असेल, तर ‘इन हिज ॲब्सेन्स’ लिहावे. तेथे ‘बिहाइंड हिज बॅक’ लिहिले, तर आपणच आपल्यावर कपटाचा ठपका ठेवतो. मराठीत हा भेद ‘अनुपस्थितीत’ आणि ‘पाठीमागे’ असा करता येतो. याच अर्थाने ‘माझ्या अपरोक्ष’ असे पुष्कळ लोक म्हणतात, पण तो शब्द नेमका उलटा आहे. परोक्ष म्हणजे डोळ्यांआड आणि अपरोक्ष म्हणजे प्रत्यक्ष. म्हणून ‘माझ्या परोक्ष’ हेच शुद्ध.

पाठीमागे निंदा करण्याला इंग्रजीत ‘बॅकबाइट’ म्हणतात, म्हणजे पाठीचा चावा. हे चित्र केवळ इंग्रजीचे नाही. आचार्य शय्यंभव यांनी रचलेल्या दशवैकालिक सूत्राच्या आठव्या अध्ययनात परोक्ष निंदेसाठी ‘पिट्ठिमंस’ असा प्राकृत शब्द आला आहे. पाठीचे मांस, असा त्याचा अक्षरार्थ. साधूने ते खाऊ नये, असा तेथील उपदेश आहे. हजारो मैल दूरच्या, एकमेकींशी संपर्क नसलेल्या दोन परंपरांना निंदेत तेच दृश्य दिसावे, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. ज्या घरात अन्नातील अहिंसा पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते, त्या घरातील माणसाला ‘पिट्ठिमंस’ हा एकच शब्द पुरेसा आहे. अठरा पापस्थानकांत चौदावे पैशून्य आणि सोळावे परपरिवाद, ही दोन्ही स्थाने बहुधा याच ‘मागे’ मध्ये वसतात. बाजारात एखाद्या पेढीविषयी तिच्या परोक्ष उच्चारलेले ‘तिचे काही खरे दिसत नाही’ एवढे वाक्यही तिची उधारी बंद पाडू शकते. चुकीची तारीख दुसऱ्या पत्राने सुधारता येते. पाठीमागे गेलेली पत परत आणणारे पत्र अजून कोणाला लिहिता आलेले नाही.

नव्या पिढीतील मुले-मुली इंग्रजी शाळांतून शिकून पेढीवर येत आहेत. त्यांच्या इंग्रजीला वडीलधाऱ्यांनी बिचकण्याचे कारण नाही, आणि घरच्या भाषेला तोकडी मानण्याचे कारण त्यांनाही नाही. पत्र लिहिताना ‘मागे’ आला की क्षणभर थांबावे. आड म्हणायचे आहे की पलीकडे, मागाहून की उशिरा, थकबाकी की मुदतीअंती, पाठीशी की नुसते पाठीमागे, अनुपस्थितीत की परोक्ष, हे मराठीत ठरवावे आणि मग इंग्रजी शब्द शोधावा. तारीख आकड्यांत लिहावी, जागा मोजून सांगावी, जबाबदारी घ्यायची असेल तर ती स्पष्ट घ्यावी आणि घ्यायची नसेल तर तेही स्पष्ट लिहावे. आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो समोर नसेल, तर तो समोर आहे असे समजूनच बोलावे. पेढीवरची भाषासमिती याहून फारशी वेगळी नाही.